मिठागरांच्या गावी सयामी पंगत

माणसाने कोठे काय खावे याला आता काही धरबंध राहिलेला नाही, असे आमची आत्या नेहमी म्हणते. गेल्या वर्षी, दसरा होऊन चारपाच दिवस झाले असतील नसतील, हे म्हणणे पडताळून पाहण्याची संधी तिला अनायासे मिळाली. माझ्या मुलाला पहिला पगार मिळाला होता. त्याने घरच्या सगळ्यांना बाहेर जेवायला नेण्याचे ठरवले, आणि नेले ते मीरा रोडच्या एका गल्लीत. एका अंगाला औषधांचे दुकान, दुसऱ्या अंगाला शिंपी, वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग, आणि या सर्वांच्या मध्ये ते हॉटेल. हॉटेल कसले, सहा टेबलांची एक खोली! दारावर पाटी मात्र ठळक होती: येथे थाई जेवण मिळेल.

थाई जेवण मुंबईला अगदीच नवे आहे असे नव्हे. कफ परेडच्या एका बड्या हॉटेलात ‘थाई पॅव्हिलियन’ नावाचे दालन १९९३ साली उघडले, तेव्हापासून शहरातल्या श्रीमंतांना त्याची ओळख आहे. पुढे विमानाची तिकिटे आवाक्यात आली आणि आपल्याकडची मध्यम स्थितीतली कुटुंबेही बँकॉकला जाऊन आली. परंतु वसईच्या खाडीच्या अलीकडे, जेथे माझ्या लहानपणी गुडघाभर चिखल आणि मिठाचे पांढरे ढीग याखेरीज काही दिसत नसे, तेथे एका गल्लीत सयामी पान वाढले जावे, याचे मला मोठे नवल वाटले. ते नवल किती फुकटचे होते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हा मुलूख कोणता, ते आधी सांगितले पाहिजे. मीरा-भाईंदर हे आज एका महानगरपालिकेचे नाव आहे. ती २००२ सालची. त्यापूर्वी १९८५ पासून येथे नगरपरिषद होती. २०११ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८,०९,३७८ भरली. पण नगरपालिका होण्याआधी ही सारी सुटी सुटी गावे होती: भाईंदर, मिरे, काशी, नवघर, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी, उत्तन. साष्टी बेटाचे हे उत्तरेकडचे टोक. डोक्यावर वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी धावू लागली, तरी पुढची शंभर वर्षे या गावांची मान कधी फारशी वर झाली नाही. त्यांचे व्यवसाय तीनच: भात, मासळी आणि मीठ.

त्यातही मीठ हे भाईंदरचे भूषण. पावसाळा संपला, दिवाळी झाली की आगराचे बांध दुरुस्त करायचे. भरतीचे पाणी आत घ्यायचे. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवीत उन्हाने आटवायचे. आणि शेवटच्या उथळ वाफ्यात दाणा धरला की तो ओढून ढीग लावायचे. पहिला पाऊस येईपर्यंत हे चाले. या आगरांवरूनच आगरी हे नाव पडले. आमचे घराणे त्यांतलेच. आत्याला मुर्ध्याला दिलेली. तिचे सासरे, नवरा, दीर सगळ्यांचे आयुष्य आगरात गेले. खारे पाणी आणि ऊन यांनी त्यांच्या पायांच्या तळव्यांची पार चाळण केली होती. आता आगरे फार थोडी उरली आहेत. आत्याचे कौलारू घरही गेले, आणि सहा वर्षांपासून ती आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर राहते.

तर त्या सहा टेबलांच्या खोलीत आम्ही पाच जण दाटीवाटीने बसलो. मालक तिशीतला तरुण, बँकॉकच्या एका हॉटेलात काही वर्षे स्वयंपाक करून परत आलेला. मुलाने चित्र पाहून एक भात मागवला. भाताची मूद, भोवती कैरीच्या काड्या, अंड्याच्या पोळीच्या बारीक पट्ट्या, चिरलेला लहान कांदा आणि मिरची. दिसायला सुरेख. आत्या पहिल्यापासून तोंड फिरवून बसली होती. ताट तिच्यासमोरून सरकवताना तिने एकदम हात धरला, वाकून वास घेतला, आणि भरल्या खोलीत मोठ्याने म्हणाली, “अरं, यो त जवला!”

मला शरमल्यासारखे झाले. मालक मात्र लगबगीने आला आणि आत्याला म्हणाला, “आजी, तुम्ही बरोबर ओळखलंत. पहिल्या घासाला ओळखणारं गिऱ्हाईक मला आजवर मिळालं नव्हतं. तुम्ही तर घास घेण्याआधीच ओळखलंत!”

वाचकहो, आत्याने ओळखले ते शंभर टक्के खरे होते. सयामी लोक ज्याला ‘कापी’ म्हणतात तो त्यांच्या स्वयंपाकाचा पाया आहे. करण्याची रीत साधी: किनाऱ्यालगत जाळ्यात येणारी अगदी चिमुकली कोळंबी घ्यायची, मीठ घालून ती मुरवायची, कुटायची, उन्हात वाळवायची, आणि तिचा जांभळट लगदा मडक्यात भरून ठेवायचा. ही कोळंबी प्राणिशास्त्राच्या भाषेत ‘अ‍ॅसिटिस’ या गणातली. आपला जवळा म्हणजे त्याच गणातली एक जात, ‘अ‍ॅसिटिस इंडिकस’. फरक इतकाच की आपण जवळा उन्हात सुकवतो, ते मिठात मुरवून मग सुकवतात. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत घालतात ते आपण पाहतोच. त्यांच्या किनाऱ्यावर मासळीची गत काही निराळी नाही. सयामी स्वयंपाकात मिठाऐवजी जे तपकिरी पाणी शिंपडतात, त्याला ते ‘नाम प्ला’ म्हणतात. मांदेलीच्या कुळातले बारीक मासे आणि मीठ पिंपात वर्षभर मुरवून ते गाळून काढलेले असते. सूर्य, समुद्र आणि मीठ या तिघांनी मिळून केलेला हा स्वयंपाक. आणि भाईंदरकराला या तिघांची ओळख करून द्यायची काही गरज आहे काय?

कापी ही आजकालची चूष नव्हे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा वकील म्हणून सिमों द ला लूबेर हा गृहस्थ १६८७ साली सयामला गेला. परत आल्यावर त्याने त्या देशावर ग्रंथ लिहिला; तो १६९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात या कापीची नोंद आहे. साहेबाच्या मते ही मीठ कमी पडल्यामुळे नासलेली कोळंबी होती, आणि सयामी लोक ती इतक्या आवडीने का खातात याचा त्याला अचंबा वाटला होता. नाकाला रुमाल लावून दुसऱ्याच्या ताटाकडे पाहण्याची ही तऱ्हा जुनीच आहे. तिच्याबद्दल पुढे मला माझ्याविषयीही एक कबुली द्यायची आहे. ती शेवटी देतो.

दुसरे ताट कच्च्या पपईच्या किसाचे. ‘सोम ताम’ हे त्याचे नाव. उखळात लसूण आणि मिरच्या ठेचून, त्यात पपई, टोमॅटो, शेंगदाणे आणि लिंबू घालून हा पदार्थ करतात. थायलंडची ओळख म्हणून जगभर जे पदार्थ मिरवतात त्यांतला हा एक. पण जरा त्याच्या घटकांची कुळी काढून पाहा. मिरची अमेरिकेची. पपई अमेरिकेची. टोमॅटो अमेरिकेचा. भुईमुगाची शेंगही तिकडचीच. कोलंबसाच्या सफरीपूर्वी, म्हणजे १४९२ च्या आधी, यांतले काहीही आशियात कोणी पाहिले नव्हते. पण यावर हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. एकादशीला आपण साबुदाण्याची खिचडी करतो. तिच्यात बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची. यांतला एकही पदार्थ ज्ञानेश्वरांच्या काळी आळंदीत कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. ज्यांना आपण उपासाच्या सोवळ्यात बसवले ते सारे समुद्रापलीकडचे पाहुणे आहेत!

हे पाहुणे आले कसे? येथे आपल्या खाडीचा इतिहास सयामच्या इतिहासाला प्रत्यक्ष भिडतो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. पुढच्याच वर्षी, १५११ मध्ये, आल्बुकर्कने मलाक्का जिंकले आणि तेथूनच आपला वकील दुआर्त फर्नांदिस याला सयामच्या राजाकडे अयुथ्थयेस पाठवले. युरोपातून आलेला तो पहिला वकील. १५१६ साली दोघांत तह झाला आणि अयुथ्थयेस पोर्तुगीजांना व्यापाराची मोकळीक मिळाली. इकडे गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात तह करून वसई, आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई, पोर्तुगीजांच्या पदरात टाकली. म्हणजे भाईंदरचे आगर आणि अयुथ्थयेचा धक्का हे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच जलमार्गाच्या वाटेवर आले. त्याच दर्यावर्दींच्या गलबतांतून अमेरिकेची मिरची आशियाच्या बंदरोबंदरी उतरली.

मिरचीच्या नावाची गंमत पाहण्यासारखी आहे. ती येण्यापूर्वी तिखटपणा आणायचा तो मिऱ्यांनी. नव्या पाहुणीला मराठीने मिऱ्यांवरूनच मिरची हे नाव दिले. सयामी लोकांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्याकडे मिऱ्यांना ‘प्रिक’ म्हणत. मिरची आली, ती इतकी लाडकी झाली की ‘प्रिक’ हे नावच तिने बळकावले. आणि बिचाऱ्या जुन्या मिऱ्यांना आज ते ‘प्रिक थाई’, म्हणजे थाई प्रिक, म्हणून ओळखतात. पाहुणी घरधनीण झाली आणि घरच्याला ‘तू आपला देशी’ म्हणून वेगळे नाव लावून घ्यावे लागले.

मी हे सगळे मुलाला सांगत होतो तोच तिसरे ताट आले, आणि आमच्या पंगतीत मोठाच प्रसंग उभा राहिला. कोंबडीचा खिमा, लसूण, मिरच्या आणि वर मूठभर परतलेली पाने. आत्याने पान उचलून बोटांत चुरडले. तिचा चेहरा बदलला. “तुलस? कोंबरीत?”

मालकाचा नाइलाज झाला. खोटे बोलून उपयोग नव्हता. ती तुळसच होती. सयामी भाषेत ‘कफ्राव’ म्हणतात ती वनस्पती आणि आपल्या वृंदावनातली तुळस, या दोन्हींची जात वनस्पतिशास्त्रानुसार एकच आहे. आपल्याकडे कार्तिकात तिचे लग्न लावतात, तिचे पान देवाच्या नैवेद्यावर ठेवतात, माणूस जाताना त्याच्या मुखात घालतात. तेथे तिला कढईत टाकतात. आत्याने त्या ताटाला हात लावला नाही, आणि मीही आग्रह केला नाही. कोणाच्या श्रद्धेला चव घ्यायला लावू नये. पण ती रागावलीही नाही. थोड्या वेळाने तिने विचारले की त्या लोकांकडे वृंदावन नसते काय? मालक म्हणाला, “नसतं, आजी. पण प्रत्येक दुकानाबाहेर देवाचं छोटं घर असतं, आणि रोज त्याला फूल आणि पाणी ठेवतात.” आत्याचे समाधान झाले. देव आहे, फक्त तुळशीचा संबंध लागलेला नाही, असा तिने निष्कर्ष काढला. आमच्या घरी चहात टाकायचा गवती चहा त्यांच्या रश्शात दिसला तेव्हा तर ती हसलीच.

ती पाटी वाचताना मला सुचले नव्हते ते पुढे घरी आल्यावर सुचले. थाई भाषेत खाणावळीला ‘रान आहान’ म्हणतात. ‘रान’ म्हणजे दुकान, आणि ‘आहान’ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपला ‘आहार’. चवीला ते ‘रोत’ म्हणतात. लिहिताना मात्र त्यांच्या लिपीत ‘रस’ असेच लिहितात. भाषेला ‘फासा’, नगराला ‘नखोन’. त्यांची जुनी राजधानी अयुथ्थया हे अयोध्येचे रूप; ती १३५१ साली वसवणाऱ्या राजाची पदवी रामाधिपती. आजच्या राजघराण्याची स्थापना १७८२ सालची आणि त्यातले राजेही राम या नावानेच मोजले जातात. थायलंड हे नाव तर १९३९ चे. त्याआधी, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा काही काळ, तो देश सयामच होता.

हे शब्द तेथवर पोचले ते पाली आणि संस्कृत यांच्या मार्गाने, भिक्षूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या पावलांनी. आणि त्या वाटेवर आपला शेजार आहे. भाईंदरच्या पुलावरून गाडी खाडी ओलांडते, नायगाव, वसई जाते, आणि पुढे नालासोपारा लागते. हे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताचे मोठे बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. सिंहलद्वीपाचा ‘महावंस’ सांगतो की अशोकाच्या काळी पाटलिपुत्रास धर्मसंगीती झाली आणि तिच्या अखेरीस निरनिराळ्या देशांना थेर पाठवण्यात आले. आपल्या अपरान्ताला योनक धम्मरक्खित आला, महाराष्ट्राला महाधम्मरक्खित, आणि सोण व उत्तर हे दोघे समुद्रापलीकडे सुवर्णभूमीला गेले. ही सुवर्णभूमी नेमकी कोणती, यावर ब्रह्मदेश आणि थायलंड दोघेही हक्क सांगतात. बँकॉकच्या २००६ साली सुरू झालेल्या विमानतळाला ‘सुवर्णभूमी’ हेच नाव आहे. एका पंगतीतून उठून कोणी कोकणात गेला, कोणी सयामच्या अंगाला. आणि आपण त्यांना परके मानतो!

जेवणाच्या शेवटी गोड आले. पांढऱ्या वाटीत नारळाच्या दुधातला साबुदाणा. आत्याने आता कोणाला विचारले नाही. चमचा घेतला आणि वाटी रिकामी केली. “आमचे एकादशीची खीर,” एवढेच म्हणाली. मालकाने नाव सांगितले, ‘साकू’. मूळ शब्द मलायी, ‘सागू’. साबुदाण्यातला ‘साबू’ त्याचेच पोर. खरा सागू तिकडच्या ताडाच्या गाभ्यातून निघे. आज तेथे काय आणि आपल्याकडे काय, तो बहुतेक टॅपिओकाच्या कंदापासून करतात. आणि तो कंदही पुन्हा अमेरिकेचाच.

सयामच्या गोडाधोडावरून एका बाईची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात अयुथ्थयेस नाराय नावाचा राजा होता; नाव अर्थातच नारायणाचे. त्याच्या दरबारी कॉन्स्टन्टाइन फॉल्कन नावाचा एक ग्रीक खलाशी चढत चढत थेट मुख्य मंत्र्याच्या जागी जाऊन बसला. त्याची बायको मारिया गुयोमार द पिन्या. जन्म अयुथ्थयेचा, पण रक्त जपानी, पोर्तुगीज आणि बंगाली असे मिश्र. तिचा बाप गोव्याहून आला होता असे सांगतात. १६८८ साली राजा आजारी पडला, दरबारात उठाव झाला, फॉल्कनचा शिरच्छेद झाला. काल जिच्या घरी परदेशी वकिलांच्या मेजवान्या झडत, ती मारिया दासी म्हणून राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कामाला लावली गेली. पुढे तेथेच ती मुख्य झाली. अंड्याचा पिवळा बलक पाकात सोडून केलेल्या सोनेरी तारा, सोनेरी थेंब, आणि नारळाच्या दुधात अंडी घालून वाफवलेला ‘सांगखया’ हे पदार्थ थाई परंपरा तिच्या नावावर जमा करते. त्यांतल्या सोनेरी तारा म्हणजे पोर्तुगालच्या ‘फियोस द ओव्होस’ची बहीणच, आणि नारळाचे दूध व अंड्याचा बलक यांच्या आपल्या गोव्याकडच्या बेबिंक्याची दूरची आप्त. आज थायलंडात लग्नकार्यात हे सोनेरी पदार्थ शुभ म्हणून वाढतात. फॉल्कनचा वाडा पडका आहे. नारायची राजधानी १७६७ साली ब्रह्मी फौजांनी जाळली. मारियाचा पाक मात्र अजून कढतो आहे.

आपल्या खाडीवरही असेच घडले. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या फौजा साष्टीत उतरल्या. उत्तन-डोंगरीकडच्या धारावीच्या कोटासाठी (ही धारावी मुंबईची नव्हे) दोन्ही बाजूंनी निकराची झुंज झाली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि दोनशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपला. वसईच्या मोहिमेतून आणलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकराला लागल्या. त्या आपण कौतुकाने पाहतो. पण पोर्तुगीज गेले तरी येथले भूमिपुत्र ख्रिस्ती कोठेच गेले नाहीत. उत्तन, डोंगरी, भाईंदर, वसई येथे ते आपली मराठी बोली बोलत राहिले. १८८७ मध्ये त्यांच्यातल्या मंडळींनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यांच्या स्वयंपाकघरात पाहावे: चैत्र-वैशाखाच्या उन्हात मिरच्या आणि वीसपंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, कुटून मसाला करायचा आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचा, लग्नात अंडी आणि नारळाचे दूध घातलेले फुगे तळायचे. सत्ता बदलल्या, पेशवे गेले, इंग्रज गेले. बाटलीतला मसाला दर उन्हाळ्यात भरला जातो.

सागरावरच्या साम्राज्यांचे हिशेब इतिहासकार किल्ल्यांवरून आणि तहांवरून मांडतात. ते योग्यच आहे. पण त्या साम्राज्यांतून आजच्या माणसाच्या हाती काय उरले, असे कोणी विचारले तर मी त्याला उखळ, मडके आणि बाटली दाखवीन. आणि ती सांभाळली कोणी म्हणाल, तर ज्यांचे नाव एकाही तहनाम्यावर नाही अशा बायकांनी.

हे सर्व उदात्त विचार मी लिहितो आहे खरा, पण आता ती कबुली. आत्या आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्याच महिन्यात तिने जवळा भाजला होता. मुर्ध्याहून येताना तिने तो डबा भरून आणला होता. वास जिन्यात गेला. संध्याकाळी दोन शेजारी दारात येऊन, अगदी सभ्यपणे, नापसंती सांगून गेले. त्यांना दोष देत नाही. ज्याची त्याची सवय. दोष माझा. मी आत गेलो आणि आत्याला म्हणालो, “आत्या, इथे नको ग. लोक काय म्हणतील?” मिठागरात तळवे भाजून घेतलेल्या घराण्यातला मी, आणि ला लूबेर साहेबासारखा नाकाला रुमाल लावून उभा राहिलो. ती काही बोलली नाही. डबा माळ्यावर गेला. त्यानंतर सहा वर्षे आमच्या घरात जवळा शिजला नाही. आणि माझ्या मुलाने तो पहिल्यांदा चाखला तो पहिल्या पगाराचे पैसे मोजून, सयामी नावाने, कैरीच्या काड्यांबरोबर. घरी परतताना त्याने सहज विचारले, “आजी, तुमच्याकडेही कैरी घालायचे?” आत्या म्हणाली, “मंग? कैरीबगर जवला कसला?”

दिवाळी झाली. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला लागले. चकली-चिवड्याला तोंड विटले तसा एका रविवारी मुलगा सकाळीच उत्तनला गेला आणि ताजा सुकवलेला जवळा घेऊन आला. माळ्यावरचा जुना डबा मी स्वतः काढला, घासला, पुसला. कैरीचे दिवस नव्हते. आत्याने आमसुले भिजत घातली. तवा तापल्यावर तिने माझ्याकडे पाहून विचारले, “वास जाईल रं भायेर.” मी उठून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली.

मुलगा वही घेऊन बसला होता. जवळा किती, कांदे किती, मिरच्या किती, ते तो विचारी आणि आत्या मुठीने दाखवी. मुठीचे ग्रॅम करता करता त्याच्या नाकी नऊ आले. मीठ किती, असे त्याने विचारले तेव्हा तिने उत्तर दिले नाही. घंटा वाजली. शेजारच्या वहिनी फराळाची ताटली परत द्यायला आल्या होत्या. दारात क्षणभर थांबून त्यांनी वास घेतला. त्या त्याच दोघांपैकी एका घरच्या. मी बोलण्याची वाट पाहत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “काय भाजताय?” मी सांगितले. त्या नुसत्या हसल्या, “आमच्याकडे चालत नाही, पण आजींच्या हाताला वास छान आहे,” म्हणाल्या, आणि गेल्या.

मी आत आलो तेव्हा आत्याने बोटाच्या टोकाने चव घेतली होती. डोळे मिटून तिने जरा विचार केला, आणि वही घेऊन बसलेल्या नातवाला सांगितले, “मीठ कमी हाय.”